जुनी रॉक गाणी, मंचावर, बेळगावात: याल का?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

मंडळी, थेट विचारतो. १९६५ ते १९८० या काळातली इंग्रजी रॉक गाणी, म्हणजे डीप पर्पल, लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड, क्वीन, ईगल्स, एवढीच घेऊन गावोगाव दौरा करणारा एक बँड पुढच्या हंगामात पुण्याहून बेंगळुरूला जाणार आहे. वाटेत एक मुक्काम हवाय. हुबळी की बेळगाव, असं त्यांचं चाललंय. त्यांच्या गिटारवाल्याशी माझं बोलणं झालं. त्याने विचारलं, तुमच्याकडे या गाण्यांना लोक तिकीट काढून येतील का? मी लगेच हो म्हटलं. आता त्या शब्दाला जागायचं आहे, म्हणून हा धागा.

हे लोक काय करतात ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की निवेदक, लकी ड्रॉ आणि मध्येच एखादी लावणी डोळ्यांसमोर येते. इथे सात-आठ वादक-गायक, दोन-सव्वादोन तास, आणि प्रत्येक गाणं पूर्ण लांबीचं. ‘स्टेअरवे टू हेवन’ आठ मिनिटांचं आहे ना, मग आठ मिनिटं. जगात हा प्रकार चांगलाच रुजलाय. ॲडलेडमध्ये १९८८ साली सुरू झालेल्या ‘ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो’ला खुद्द पिंक फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोरने १९९६ मध्ये आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला वाजवायला बोलावलं होतं. टोरंटोचा ‘क्लासिक अल्बम्स लाइव्ह’ २००३ पासून अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत त्याच क्रमाने वाजवतो. मूळ मंडळींपैकी कित्येक गेले, जे आहेत ते सत्तरी-ऐंशीत आहेत. ही गाणी मंचावर वाजत राहायची तर पुढच्यांनी ती शिकून घ्यायलाच हवीत.

मला भावली ती त्यांची तयारी. गेल्या थंडीत गोव्यात त्यांना ऐकलं. ईगल्सच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ला एकाने बारा तारांची गिटार घेतली, सातव्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे पट्टी वर नेणारा चिमटा, चढवला आणि सुरुवात केली. पहिल्या चार स्वरांतच मागच्या रांगेतली माणसं सावरून बसली. त्या गाण्याच्या शेवटी दोन गिटारी एकमेकींशी बोलतात, तो भाग ऐकून वाटतं की ऐनवेळी सुचलेलं असणार. पण ईगल्सचा गिटारवादक डॉन फेल्डर सांगतो की तो त्याने घरी आधीच बांधून कॅसेटवर ठेवला होता. मायामीच्या स्टुडिओत तो आणि दुसरा गिटारवाला जो वॉल्श काही वेगळं वाजवायला लागले तर बँडमधल्याच डॉन हेन्लीने थांबवलं, कॅसेटवर आहे तसंच हवं म्हणाला. कॅसेट राहिली होती घरी, कॅलिफोर्नियात. शेवटी घरकामाच्या बाईंना फोन लावून त्यांना ती फोनवरून वाजवून दाखवायला सांगितली. म्हणजे ती बंदिश आहे. तिच्यातली जागा हलवली की श्रोत्याला चुकल्यासारखं होतं, आणि या बँडने एकही हलवली नाही.

म्हणूनच ते मला बेळगावात हवेत. कुमार गंधर्व जन्मले ते आपल्याच सुळेभावीत. पं. रामभाऊ विजापुऱ्यांनी या गावात किती जणांचा हात पेटीवर बसवला. इथे कान देऊन ऐकणारी माणसं आहेत. पण रॉक म्हणून आपल्या वाट्याला येतं ते कॉलेजच्या गॅदरिंगमधलं अर्ध्या तासाचं काहीतरी, फाटलेल्या आवाजाचं. आपल्या पोरांनी ही गाणी मोबाइलवर ऐकली आहेत, आणि ड्रमचा ठोका छातीत बसतो म्हणजे काय ते त्यांना फक्त विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेवरून ठाऊक आहे. चांगल्या सभागृहात, नीट जुळवलेल्या आवाजात, समोर माणसं वाजवताहेत, हा अनुभव त्यांना आपल्या गावात मिळायला हवा.

तर सांगा: सभागृह कुठलं, महिना कुठला, तिकीट किती परवडेल. आणि कुठलं एक गाणं झालंच पाहिजे.

निपाणीकर

येणार. घरचे सगळे घेऊन येणार.

एप्रिल २००२ मध्ये पिंक फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आला होता, तेव्हा आम्ही मित्र तंबाखूच्या वखारीतलं काम दुसऱ्यांवर सोपवून रात्रीच्या गाडीने गेलो होतो. पुढच्याच वर्षी रोलिंग स्टोन्स तिथेच आले, तेव्हा जायला जमलं नाही, त्याची हळहळ अजून आहे. आपल्या भागातल्या माणसाला प्रत्येक मोठ्या कार्यक्रमासाठी एक तर पाचशे किलोमीटर खाली जायचं, नाही तर साडेतीनशे किलोमीटर वर. माझं वय आता रात्रीच्या बसचं राहिलं नाही. बेळगाव म्हणजे मला दीड तास. पाचशे रुपये तिकीट असलं तरी काढेन.

गाणं: पिंक फ्लॉइडचं काहीही. निवड तुमची.

शहापूरचा_पोरगा

काका, आयडिया एक नंबर. खरं एक शंका आहे. रॉक खुर्चीत बसून ऐकायचं? आम्ही मित्र उभं राहून, उड्या मारून ऐकणारे. व्हॅक्सिन डेपो मैदान घ्या की. आणि विद्यार्थ्यांना पाचशे जास्त होतात. दोनशे-तीनशेत बसवा, मी एकटा पन्नास जणांना घेऊन येतो.

टिळकवाडीकर

@शहापूरचा_पोरगा, बाळा, सभागृहातही पुढच्या दोन रांगा काढून उभं राहायला मोकळी जागा ठेवता येते, गोव्यात तसंच केलं होतं. विद्यार्थ्यांचं तिकीट वेगळं ठेवूया, हे मी त्यांना नक्की सांगतो.

पायपेटी

वय बहात्तर. इंग्रजी गाण्यांतले शब्द मला निम्मे कळत नाहीत, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

आमच्या लहानपणी संगीत नाटकाला साथीला ऑर्गन असायचा, पायाने भाता मारायचा. पडदा वर जायच्या आधी तो एक लांब सूर धरायचा आणि सगळं नाट्यगृह गप्प व्हायचं. पुढे भाच्याने डीप पर्पलची तबकडी लावली आणि मी विचारलं, हा ऑर्गन कोण वाजवतोय? तो जॉन लॉर्ड. हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून काढायचा, म्हणून तो असा खरखरीत, गुरगुरणारा आवाज. पण बोटं ऐका. तो माणूस शिकलेला आहे. लय दुप्पट करताना एकही स्वर गिळत नाही.

त्यांच्या ‘मेड इन जपान’मध्ये, ऑगस्ट १९७२ च्या ओसाका आणि टोकियोच्या मैफिली आहेत त्यात, तो आणि गिटारवाला ब्लॅकमोर एकमेकांना जागा देत, घेत वाजवतात. मला ती जुगलबंदीच वाटते. रेकॉर्डवर सहा-सात मिनिटांचं गाणं तिथे केवढं तरी लांबतं. त्यामुळे धागाकर्त्यांना माझं थोडं वेगळं सांगणं आहे. ईगल्सचं गाणं स्वरन्‌स्वर तसंच वाजवा, मान्य. पण डीप पर्पलचं गाणं रेकॉर्डबरहुकूम वाजवणं म्हणजे त्यांच्याच वृत्तीच्या विरुद्ध. तिथे वादकाला सुटू द्या. त्या बँडमध्ये ऑर्गन वाजवणारा आहे का, एवढं मला कळवा. असेल तर व्हीलचेअरवरून येईन.

टिळकवाडीकर

अण्णा, आहे. खरा हॅमंड खूप जड, दौऱ्यावर नेत नाहीत. तो हॅमंडचा आवाज देणारा कीबोर्ड वापरतो, पण त्याचा लेस्ली स्पीकर खरा आहे, आत भोंगे गरगर फिरतात तो. तुमची जागा पहिल्या रांगेत, त्याच्याच बाजूला. आणि तुमचं म्हणणं पटलं. कुठलं गाणं बांधील आणि कुठलं मोकळं, हे त्यांच्याशी बोलण्यासारखं आहे.

रूपक_सात

खानापूरहून. तबला वाजवतो, भजनी मंडळात आहे.

माझी मागणी ‘मनी’. पिंक फ्लॉइड, १९७३. कारण सांगतो. सुरुवातीला नाणी आणि गल्ल्याचे आवाज येतात, ते त्यांनी टेपचे तुकडे फूटपट्टीने मोजून, कापून, जोडून बनवले. मग बास येतो. हातावर मोजून बघा: सात. आमच्या रूपक तालाच्या मात्रा. चाल वेगळी, वजन वेगळं, समेवर खाली वगैरे तिकडे नाही, पण सात म्हणजे सात. सॅक्सोफोन सातातच वाजतो. आणि गिटारची पाळी आली की गाणं चारात जातं, एकदम सपाट रस्त्यावर आल्यासारखं पळतं, आणि परत सातात येतं.

आमच्या मंडळात हे ऐकवलं तर मृदंगवाले बुवा दुसऱ्या आवर्तनालाच ठेका धरून बसले. त्यांना गाणं कुठल्या देशाचं याच्याशी देणंघेणं नव्हतं. अशा माणसांना पुढच्या रांगेत बसवा म्हणतो मी. वादकांनाही कळेल कुठल्या गावात आलोय.

खडा_सवाल

मला हे सगळं मनापासून पटत नाही आणि तसं लिहितो, राग मानू नये.

दुसऱ्याची पन्नास वर्षांपूर्वीची गाणी हुबेहूब वाजवणाऱ्यांवर आपण पैसे घालणार, आणि आपल्या गावातली पोरं स्वतःची गाणी करताहेत त्यांना सराव करायला खोली मिळत नाही. मुंबईत १९८६ साली रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झालं आणि त्या मंचामुळे भारतीय बँडना स्वतःची गाणी ऐकवायला श्रोते मिळाले. पुढे रंगभवन शांतता क्षेत्रात आलं, तिथले असे कार्यक्रम बंद पडले, आणि ती जागा हातची गेली. मंच गेला की गाणी करणारे पांगतात. आपल्याकडे तर मंचच नाही. मग पहिला मंच नकलेला का?

रूपक_सात

@खडा_सवाल, नक्कल म्हणाल तर मी गुरुजींचे कायदे, म्हणजे तबल्यातल्या बांधलेल्या बोलरचना, चौदा वर्षं नक्कलच केले. त्यातूनच हात तयार झाला. पण तुमचा मंचाचा मुद्दा खरा आहे, तो सोडू नका.

टिळकवाडीकर

@खडा_सवाल, राग कसला. माझा आग्रह असा राहील की सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं स्थानिक बँडची, आणि त्यात फक्त त्यांची स्वतःची गाणी. तोच मंच, तोच ध्वनी, तेच दिवे. आणि त्यांना मानधन. फुकट वाजवा, नाव होईल, हे कुणाला ऐकवायचं नाही. ही अट मान्य नसेल तर मी या कामात पडणार नाही.

खडा_सवाल

असं असेल तर मी स्वयंसेवक म्हणून नाव देतो. तिकीट खिडकी सांभाळतो.

ध्वनी_उद्यमबाग

मी ध्वनियंत्रणेचं काम करतो, म्हणून जरा कोरडं लिहितो, पण हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आपली सभागृहं भाषण आणि नाटकासाठी बांधलेली. भिंती गुळगुळीत, आवाज परत फिरतो. १९६५ च्या सुमारास मार्शलने शंभर वॅटचे ॲम्प्लिफायर काढले ते मोठ्या गर्दीपुढे वाजणाऱ्या बँडसाठी. तसले तीन-चार मंचावर लावले तर पहिल्या पाच रांगांचे कान बधिर होतील आणि गायक कुणालाच ऐकू येणार नाही. आता दौऱ्यावरचे बँड बहुतेक कानात मॉनिटर, म्हणजे स्वतःचं वादन ऐकवणारे इअरफोन, घालतात आणि गिटार थेट मिक्सरला देतात, म्हणजे मंच शांत राहतो. यांचं तसं आहे का ते विचारा. ड्रमसमोर पारदर्शक आडोसा लागेल. मागच्या भिंतीवर जाड पडदे मी माझे आणतो.

मैदानाचा विचार सोडा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहाला आतल्या आत सूट आहे, आणि पोलीस परवानगीची धावपळही कमी. गाण्यांच्या हक्कांसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना आयोजकाने आधी काढायचा, तो खर्च तिकिटाच्या हिशोबात धरा.

महिना: डिसेंबर नको. सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन असतं, लॉज मिळत नाहीत, बंदोबस्तात पोलीस अडकलेले. मार्चमध्ये परीक्षा. जूननंतर आपला पाऊस माहीतच आहे. जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारीची सुरुवात.

कारवारकर

फेब्रुवारी मलाही चालेल. एकच विनंती, रविवारी संध्याकाळी साडेपाचला सुरू करा. आम्हाला घाट उतरून परत जायचं असतं, आणि खानापूर, चिकोडी, संकेश्वरच्या लोकांनाही शेवटची एसटी गाठायची असते. बायका-मुली एकट्या येऊ शकतील अशी वेळ ठेवलीत तर सभागृह लवकर भरेल, हे अनुभवाने सांगते.

चिकोडीची_सून

माझं माहेर पाचगणी, त्यामुळे क्वीनच्या फ्रेडी मर्क्युरीबद्दल बोलणं मला भागच आहे!

झांझिबारला जन्मलेला फारोख बलसारा, म्हणजेच फ्रेडी, आठव्या वर्षी आमच्या गावात सेंट पीटर्स शाळेत शिकायला आला. तिथेच पियानो शिकला, आणि १९५८ मध्ये वर्गमित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायचे. पुढे जुलै १९८५ मध्ये वेम्बलीला ‘लाइव्ह एड’मध्ये त्याने वीस-एकवीस मिनिटांत सगळं स्टेडियम एका हाताने हलवलं, ते जगाने पाहिलं. पण त्याचं पियानोवर बसणं आमच्या घाटावरच्या शाळेतलं आहे. पुण्याहून बेळगावला येणारी गाडी त्याच घाटाच्या पायथ्यावरून येते. या दौऱ्यात क्वीन नसेल तर मला फार वाईट वाटेल. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हवंच.

शहापूरचा_पोरगा

ताई, भारी! खरं ते लाइव्ह करता येत नाही म्हणतात ना? मधला ऑपेराचा भाग क्वीनवालेसुद्धा टेपवर लावून आत निघून जायचे, आणि शेवटच्या जोरकस भागाला परत यायचे.

चिकोडीची_सून

बरोबर आहे. रेकॉर्डिंगला त्यांनी आवाजांवर आवाज इतके चढवले होते, चार माणसांनी ते मंचावर कसं गायचं? त्यांनी प्रामाणिकपणे टेप लावली. पण आज एखाद्या दौऱ्याने टेप लावली तर मला ते आवडणार नाही. माणसं गाताना हवीत.

टिळकवाडीकर

गोव्यात त्यांनी हे गाणं घेतलं नाही. कारण हेच सांगितलं: टेप लावायची नाही, आणि गायक चारच. मला तो निर्णय आवडला होता.

अल्टो_कॅम्प

मग आम्हाला विचारा ना.

कॅम्पातल्या चर्चच्या गायनवृंदात मी बरीच वर्षं गाते. सोप्रानो, अल्टो, टेनर, बास, चारही भाग आमच्याकडे आहेत, नाताळच्या तयारीने आवाज जानेवारीत चांगले लागलेले असतात. चार भागांत गाणं हे आमचं दर आठवड्याचं काम आहे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा मधला भाग कठीण आहे, झटपट चढउतार आहेत, पण आधी हातात कागद मिळाला तर होईल.

रॉकमध्ये गायनवृंद घेणं काही नवं नाही. रोलिंग स्टोन्सच्या १९६९ च्या ‘यू कान्ट ऑलवेज गेट व्हॉट यू वॉन्ट’ची सुरुवात लंडन बाख क्वायरने केली आहे. आणि पिंक फ्लॉइडच्या १९७९ च्या ‘द वॉल’मध्ये इस्लिंग्टनच्या शाळेतली मुलं गातात. रॉजर वॉटर्स २०१० नंतर ‘द वॉल’ घेऊन फिरला तेव्हा प्रत्येक गावी तिथलीच मुलं मंचावर घ्यायचा. बाहेरून आलेला बँड आणि गावातले आवाज, असं झालं तर तो कार्यक्रम आपलाही होईल.

अजून एक. पिंक फ्लॉइडचंच ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. क्लेअर टॉरीने जानेवारी १९७३ मध्ये स्टुडिओत गायलेला तो आलाप, शब्द एकही नाही. तेव्हा तिला मिळाले तीस पौंड. गाण्याच्या रचनेत आपला वाटा आहे यासाठी तिला पुढे २००४ मध्ये कोर्टात जावं लागलं आणि २००५ मध्ये तडजोड होऊन तिचं नाव रचनाकार म्हणून लागलं. पिंक फ्लॉइड १९८८ च्या दौऱ्यात ते तीन गायिकांत वाटून गायचे, इतकं ते दमवणारं आहे. ते कोण गाणार?

पायपेटी

अल्टोताई, शब्दाविना आलाप गायला आमच्याकडे ख्याल गाणाऱ्या दोन मुली आहेत, श्वासाला पक्क्या. त्यांना हे ऐकवतो. तीन भाग करा: एक तुमच्याकडची, दोन आमच्या.

शहापूरचा_पोरगा

अंगावर काटा आला वाचून. आमच्या बँडचं पण सांगतो, वीस मिनिटांची जागा आम्हाला मिळाली तर बघा. ड्रमर गोकाकचा, घरी कन्नड बोलतो. बासवाला कोकणी. मी मराठी. तालमीत तिन्ही भाषा चालतात आणि गाणी पण तिन्ही भाषांत आहेत. चार गाणी पूर्ण तयार. मानधन नाही दिलं तरी... नाही, धागाकर्त्या काकांनी म्हटलंय तसं, द्या.

भालकीचा_श्रोता

बीदर जिल्ह्यातून वाचतोय. आम्हाला हैदराबाद जवळ, बेळगाव फार लांब. तरी सांगतो, कार्यक्रमाचं चांगलं ध्वनिमुद्रण करून ठेवा. इथल्या गायनवृंदाने आणि ख्यालाच्या मुलींनी गायलेलं ते गाणं आम्हालाही ऐकायचं आहे.

ध्वनी_उद्यमबाग

मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्य-आवाज वेगळा, असं मुद्रण करून देतो. पण ते लोकांपुढे मांडायचं तर बँडची आणि हक्कदारांची परवानगी आधी. गायनवृंद धरला तर मंच मोठा लागेल आणि माइक बारा-चौदा वाढतील. कुमार गंधर्व रंगमंदिर आणि जिरगे सभागृह दोन्ही मोजून येतो, मग बोलू.

टिळकवाडीकर

आज गिटारवाल्याशी फोन झाला. गायनवृंदाचं ऐकून तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, असं आम्हाला आजवर कुठल्या गावाने विचारलं नाही. स्थानिक बँडची अट आणि मानधन मान्य. विद्यार्थी तिकीट मान्य. कानातले मॉनिटर आहेत. डीप पर्पलच्या गाण्यात ऑर्गन मोकळा सोडायलाही तयार आहेत. ‘मनी’ आधीपासूनच यादीत आहे. तारीख ते पुणे आणि बेंगळुरूची सभागृहं पक्की झाल्यावर देतील, फेब्रुवारीचे दोन रविवार मी सुचवलेत.

त्यांची एकच अडचण: गायनवृंदाबरोबर सराव कधी? ते आदल्या दिवशी दुपारी पोचतील.

अल्टो_कॅम्प

शनिवारी संध्याकाळी सहाला चालेल, आमची सरावाची खोली मोकळी असते आणि पियानो सुरात आहे. फक्त स्टाफ नोटेशन (पाश्चात्य स्वरलिपीचे कागद) दोन महिने आधी पाठवायला सांगा, आणि त्यांचा गायक मूळ पट्टीत गातो की अर्धा स्वर खाली, ते आत्ताच कळवा. टेनरवाले विचारताहेत.

टिळकवाडीकर

मूळ पट्टीत, बी फ्लॅट. कागद पुढच्या आठवड्यात येतील.